बांधाचा आमचा वाटा

भरती चढू लागली की उघाडीची दारं आपोआप मिटत. खाडीचं पाणी शेतात शिरू नये आणि शेतातलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर पडावं म्हणून बांधाच्या पोटात बसवलेली ती तीन लाकडी दारं होती, माणसाच्या छातीएवढी उंच. एकामागून एक मिटताना त्यांचा धप्, धप्, धप् असा आवाज गावभर ऐकू येई. पहिला धप् झाला की आमच्या घरात बोलणं थांबायचं. तसं कुणी ठरवलेलं नव्हतं. आईचा भाकरी थापता हात तसाच पिठावर राही, बाबांची विडी बोटांत राही, आणि तिसरा आवाज आला की जिथे सोडलं होतं तिथून बोलणं पुढे सुरू होई. आता तिथे सिमेंटची उघाडी आहे, तिची दारं लोखंडी आहेत. तरी भरतीच्या वेळेला मी अजून बोलता बोलता थांबते. नातसुना म्हणतात, आजीला ऐकू कमी येतं.

गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण ज्यांच्याविषयी सांगायचं आहे त्यांची नातवंडं अजून तिथे नांदताहेत. अलिबागेहून रेवसकडे जाताना खाडीच्या काठाकाठाने जी गावं लागतात त्यांतलंच ते एक. तीन बाजूंना खाडी, एका बाजूला डोंगर. पणजोबांच्या आधीच्या कुणी तरी चिखल कापून, रचून, समुद्राची जमीन आपल्याकडे ओढून घेतली होती. भर उधाणाला बांधावर उभं राहिलं की डाव्या हाताचं पाणी उजव्या हाताच्या भातापेक्षा उंच दिसे. परगावाहून लग्न होऊन आलेल्या मुली पहिल्यांदा ते पाहून घाबरत. आम्ही तिथे जन्मलेल्या, आम्हाला त्याचं काही वाटत नसे. मला तर दुसरीकडची जमीन, जिच्या पलीकडे पाणी नाही, उघडी पडल्यासारखी वाटायची.

घर आमचं कुडाचं, गवताने शाकारलेलं. आत बाबा, आई, मी, माझा कडेवरचा भाऊ आणि गंगूआत्या. गंगूआत्या बाबांची थोरली बहीण, विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. घरात बाबांपेक्षा तिचा शब्द चाले. भात आमचा लाल, राता; खारट मातीत तोच तग धरतो. त्याच्या भाकरीला तांबूस रंग येई आणि चुलीवरून उतरताना पावसात भिजलेल्या मातीसारखा वास सुटे. तिच्याबरोबर सुकटीची चटणी, नाही तर ओहोटीला चिखलातून धरून आणलेले निवटे. निवटे धरणं हे आम्हा मुलींचं काम. बोटभर लांबीचा, डोळे डोक्यावर असलेला हा मासा पाण्याबाहेर उड्या मारत पळतो आणि बिळात शिरतो. कोपरापर्यंत हात घालून तो ओढायचा. बीळ कुठलं निवट्याचं, कुठलं चिंबोरीचं, कुठल्या बिळाला तळ आहे आणि कुठलं पार पलीकडे गेलंय, हे मला दहाव्या-अकराव्या वर्षी हाताने कळत होतं. त्यापायी पुढे जे झालं ते झालं.

बांध सगळ्या गावाचा, पण त्याचे वाटे पाडलेले होते. ज्याची जेवढी जमीन तेवढी लांबी त्याने राखायची. वाट्यांच्या मध्ये दगड रोवलेले असत. आमच्या वाट्याला लागून धर्माकाकांचा वाटा होता. धर्माकाका आणि बाबा एका वयाचे, एकत्र वाढलेले. त्यांची मुलगी येसू ही माझी सख्खी मैत्रीण. पण मी नऊ वर्षांची असताना ते सगळं तुटलं. माझ्या धाकट्या चुलत्याचा साखरपुडा धर्माकाकांच्या बहिणीशी, चंद्राशी, झाला होता. चुलता मुंबईला गिरणीत लागला आणि तिथेच दुसरीशी लग्न करून बसला. चंद्राच्या अंगाला लागणारी हळद राहून गेली. तिच्यासाठी पुन्हा कुणी विचारायला आलं नाही. धर्माकाकांनी देवळापुढे साऱ्या गावादेखत बाबांच्या डोक्यावरचं मुंडासं ओढून चिखलात टाकलं. म्हणाले, "भावाला आवरता न्हाय आला, तर हे कशाला मिरवतोस?" बाबांनी ते उचललं नाही. त्या दिवसापासून ते उघड्या डोक्याने वावरत आणि त्या घराकडे पाठ करून अंगणात बसत. येसूशी बोलायचं नाही असं मला सांगितलं गेलं. येसूलाही तसंच सांगितलेलं असणार.

चंद्रा धर्माकाकांच्या शेताच्या कडेला, बांधाच्या पायथ्याशी खोपटं घालून राही. पाखरं हाकायला, गुरं वळवायला, असं म्हणत. खरं म्हणजे तिला घरात, भावजयीच्या नजरेखाली राहायचं नव्हतं. माझ्या चुलत्यामुळे तिचं असं झालं, पण मला बांधावर पाहिलं की ती हाक मारी, "ये गो कमळे." भाजलेली चिंबोरी फोडून तिची नांगी माझ्या हातावर ठेवी. मी इकडे तिकडे बघून खात असे.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे त्या वर्षी आषाढात लावण्या आटोपल्या होत्या. भात गुडघ्याएवढं होतं. एका ओहोटीला मी बांधाच्या खाडीकडच्या अंगाला निवटे शोधत होते. वाट्याच्या दगडापलीकडे, धर्माकाकांच्या बाजूला, खारफुटीतल्या एका तिवराच्या मुळाशी एक बीळ दिसलं. हात घातला. खांद्यापर्यंत गेला. बोटांना तळ लागला नाही. बोटांवर गार पाणी येत होतं, आणि ते आतून बाहेर येत होतं. म्हणजे शेतातलं पाणी. मी हात काढून घेतला तेव्हा तो खाडीच्या चिखलाने नाही, भाताच्या खाचरातल्या काळ्या, मऊ मातीने माखलेला होता.

मी धावत घरी गेले. बाबा पडवीत दोरखंड वळत होते. मी सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही.

"कुठल्या अंगाला?"

"त्यांच्या. दगडाच्या पलीकडं. हातभर पलीकडं."

दोरखंडाचा पीळ त्यांनी पुरा केला. मग म्हणाले, "मग आपला न्हाय तो. तू काय पाह्यलं न्हाय."

"पर बाबा, पाणी येतंय त्यातून."

"कमळे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज अगदी हळू होता, "त्यांचा बांध, ते बघतील. माझ्या घरातून त्या दारात शब्द जायचा न्हाय."

मी आईलाही सांगितलं नाही, आत्यालाही नाही. बाबांनी तसं बजावलं नव्हतं, पण "तू काय पाह्यलं न्हाय" या बोलण्यात सगळंच आलं. मात्र दर ओहोटीला मी तिथे जाऊ लागले. पहिल्या दिवशी बीळ माझ्या मुठीएवढं होतं. चार दिवसांनी त्यात नारळ बसला असता. मी पेंढा आणि चिखलाचे गोळे करून त्यात कोंबत असे. दुसऱ्या ओहोटीला जावं तर ते गोळे खाली ओघळलेले, आणि तोंडाशी एक चिंबोरी बसलेली. श्रावण उजाडला. पाऊस असा लागला की दिवसच्या दिवस चूल धुरातच पेटे. घरात सगळे हसत बोलत होते, वालाचं बिरडं शिजत होतं, भाऊ रांगायला लागला होता. मी मात्र जेवताना बोटं मोजत असे. अमावस्येला किती दिवस राहिले. अमावस्येला उधाण, आणि श्रावणातलं दिवसाचं उधाण वर्षात सर्वांत मोठं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

एकदा मी कोपरापर्यंत हात बिळात घालून बसले असताना वरून चंद्राचा आवाज आला. "काय करतंस गो तिथं?"

"निवटे धरतंय."

"लागला का एखादा?"

"न्हाय."

ती हसली आणि गेली. मी तिला सांगू शकले असते. तिचं खोपटं तिथून वीस पावलांवर होतं. आज ऐंशीच्या घरात आहे मी, लिहायला वाचायला चाळिशीत शिकले, आणि शिकल्यापासून हे लिहायचं टाळत आले, ते या एका जागेमुळे. ती हसून वळली, तिच्या लुगड्याचा काष्टा भिजून काळा दिसत होता, आणि मी तोंड मिटून बसले होते. तिच्या मागे, बांधाच्या शेंड्यावर, येसू उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती.

अमावस्येच्या सकाळी पाऊस थांबला. वारा पडला. बगळे शेत सोडून डोंगराकडच्या चिंचांवर जाऊन बसले होते. आई पिठोरीचं सामान मांडत होती. मला आत बसवेना. मी उठले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा धर्माकाकांच्या अंगणात गेले. ते बैलांना पेंढा टाकत होते. मला पाहून त्यांनी पेंढ्याचा भारा खाली ठेवला.

मी एका दमात सांगितलं. बीळ आहे, पार गेलंय, तिवराच्या मुळाशी, आज फुटेल.

"बापसानं पाठवला?"

"न्हाय. त्यांना ठाव न्हाय मी आलेली."

"मग बिळाचं त्याला ठाव हाय काय?"

मी बैलांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या मागे दारात येसू आली होती.

"उधाणाच्या दिवशी मी माझा बांध खोदून बघायचा," ते सावकाश म्हणाले, "आन् मग फुटला की तुझा बापूस देवळात सांगणार, धर्मानं फोडला. व्हय ना? जा. त्याला सांग, धर्मा एवढा येडा न्हाय."

"काका, चंद्राआत्याला तरी घरात बोलवा."

हे ऐकून ते माझ्या अंगावर धावून आले. त्या घरातल्या मुलीच्या तोंडून बहिणीचं नाव त्यांना सोसलं नाही. मी पळाले. आता वाटतं, ते नाव घेतलं नसतं तर ते कदाचित बघायला गेले असते.

दुपारी उघाडीची दारं मिटली. तिन्ही नीट मिटली. आम्ही जेवायला बसलो होतो. बाबांनी पहिला घास घेतला आणि तोंडाशी थांबवला. बांधाकडून आवाज येत होता, दगडांनी भरलेली बैलगाडी लांबून चालत यावी तसा. तो वाढला नाही, कमीही झाला नाही. बाबा ताटावरून उठले. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी माझ्याकडे.

खांड पडली ती त्याच जागी. मी पोचले तेव्हा बांधाला दहा-बारा हातांचं भगदाड होतं आणि दोन्ही बाजूंची माती ढेपाढेपांनी खाली कोसळत होती. पाणी लोंढ्याने आत येत होतं, चहाच्या रंगाचं, आणि हिरवं भात एकदम न बुडता आधी आडवं होत होतं, मग दिसेनासं होत होतं. माणसं ओरडत होती, पेंढ्याचे भारे, दारं, खाटा, हाताला येईल ते टाकत होती. पाणी ते सगळं उचलून शेतात फेकत होतं. बाबा कमरेएवढ्या पाण्यात उतरले होते. त्यांच्या शेजारी धर्माकाका होते. दोन वर्षांनी ते दोघे इतके जवळ उभे होते, आणि दोघेही एकच नाव घेऊन हाका मारत होते. खोपटं जिथे होतं तिथे नुसतं पाणी फिरत होतं.

चंद्रा दुसऱ्या दिवशी ओहोटीला सापडली, उघाडीपलीकडच्या तिवरांत. तिला आणलं तेव्हा मला घराबाहेर पडू दिलं नाही. आईने दार लावून घेतलं आणि ती दाराला पाठ लावून बसून राहिली.

सुतक फिटल्यावर गाव देवळापुढे बसलं. गावचे पाटील म्हातारे होते, कुणाला दुखवायला नको म्हणून नेहमी खाली बघून बोलत. त्यांनी विचारलं, खांड कशी पडली, कुणी काही पाहिलं होतं का. धर्माकाका उठले. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते अगदी शांत बोलले.

"यांच्या पोरीला सकाळीच ठाव होतं. कुठं फुटणार, कधी फुटणार, समदं. माझ्या दारात येऊन सांगून गेली. चंद्राला घरात बोलवा, असंही म्हणाली. कसं ठाव होतं, ते तिला इचारा." मग त्यांनी येसूला पुढे केलं. "बोल, तू काय बघितलंस?"

येसू रडत होती. "कमळी तिथं हात घालून बसायची. रोज. मातीत."

खोटं नव्हतं ते. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

पाटलांनी मला बोलावलं. "पोरी, तू बीळ खोदत होतीस का?"

"न्हाय. बुजवत होते."

"मग घरात का सांगितलं न्हाईस?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी बाबांकडे पाहिलं. ते खांबाला टेकून उभे होते. एक शब्द पुरला असता. "मला सांगितलं होतं तिनं." एवढंच. मी तो शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर येण्याची वाट पाहत राहिले. पाटलांनी दोनदा विचारलं. बाबांनी मान वळवून खाडीकडे पाहिलं. मग मीही खाली पाहिलं आणि म्हणाले, "भ्याले."

शिक्षा काही झाली नाही. माझं वयच ते काय. पण त्या दिवसानंतर आमच्याकडे कुणी विस्तव मागायला आलं नाही, आमच्या आईला पाणवठ्यावर जागा देताना बायका जरा जास्तच बाजूला सरकत. शेतात मीठ फुटलं. ऊन पडलं की पांढरा थर चमके, गोगलगाईसुद्धा त्यावर मेलेल्या दिसत. दोन-तीन वर्षं तरी तिथे काही उगवणार नव्हतं. बाबा दिवसभर काही बोलत नसत आणि माझ्याकडे बघत नसत. दिवाळीनंतर एक दिवस म्हणाले, मुंबईला जायचं, गिरणीत काम मिळेल. आई कपडे बांधू लागली. गंगूआत्या म्हणाली, "मी न्हाय येत. माझं हितंच काय व्हायचं ते होऊ दे."

मचवा धक्क्याला लागला होता. बाबा आधी चढले, आई भावाला घेऊन चढली, मी चढले. वल्हं लावून मचवा ढकलणार तोच मला धक्क्यावरच्या बायकांचं बोलणं ऐकू आलं. कोण बोललं ते दिसलं नाही. "चालली. बांध फोडलाय, मग पळणारच."

मी उठले आणि पाण्यात उतरले. पाणी मांडीएवढं होतं. बाबा म्हणाले, "कमळे, वर ये." मी म्हणाले, "आपण गेलो तर ते खरं ठरंल."

ते ऐकून त्यांनी जे केलं ते मी कधी विसरले नाही. ते मला ओढायला पुढे आले नाहीत. ते मागे सरकले, मचव्याच्या दुसऱ्या कडेला, आणि गुडघ्यांत डोकं घालून बसले. आईने दोघांकडे पाहिलं. तिला त्या क्षणी सगळं कळलं असावं. तिने आपल्या अंगावरची घोंगडी काढून माझ्याकडे फेकली आणि म्हणाली, "आत्याच्या कुशीत नीज. एकटी नको निजू." मचवा वळणाआड जाईपर्यंत ती माझ्याकडे तोंड करून बसली होती. बाबा त्यानंतर गावात आले नाहीत. मुंबईत, चाळीतल्या खोलीत वारले. मी तिथे होते. शेवटपर्यंत मी वाट पाहिली, त्यांनी त्याबद्दल काही बोलावं म्हणून.

फाल्गुनात गावाने खांड भरायला घेतली. रोज ओहोटीला माणसं रांगेने उभी राहत, चिखलाची पाटी या हातातून त्या हातात जाई. आत्या मला घेऊन गेली. आम्ही रांगेच्या टोकाला उभ्या राहिलो. पाट्या आमच्यापर्यंत येऊन आमच्या अलीकडे वळत. पहिला दिवस असा गेला, दुसराही गेला. तिसऱ्या दिवशी पाटील नव्याने वाटे नेमत फिरत होते. आमच्या जुन्या दगडाशी येऊन ते थांबले आणि खाली बघून म्हणाले, "या घरात आता बाप्या माणूस न्हाय. हा वाटा कुणाला द्यायचा?"

मग धर्माकाका चिखलातून वर आले. कमरेपर्यंत माखलेले होते. त्यांचे केस त्या सहा महिन्यांत पांढरे झाले होते.

"कुणाला कशाला?" ते म्हणाले. "त्यांचा त्यांना राहू दे. माझ्या शेजारी."

आत्याने डोळ्यांना पदर लावला. रांगेतल्या बायका कुजबुजल्या, मोठ्या मनाचा माणूस. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तिथे मन मोठं झाल्याची काही खूण नव्हती. ते माझ्याकडे तसेच बघत होते जसे त्या सकाळी अंगणात बघत होते, बराच वेळ, पापणी न हलवता. त्यांना मला नजरेआड होऊ द्यायचं नव्हतं, एवढंच होतं ते. पुढे माझं लग्न गावातच झालं, मुलं झाली, येसू दूर सासरी गेली, आणि धर्माकाका मरेपर्यंत, अठरा वर्षं, दर ओहोटीला मी आमच्या वाट्यावर गेले की ते त्यांच्या वाट्यावर येऊन उभे राहत. बोलले कधीच नाहीत.

त्या दिवशी त्यांनी एक पाटी भरली, माझ्यासमोर आणून ठेवली आणि हात मागे घेतला. पाटी माझ्या अंगाच्या मानाने जड होती. मी ती उचलली.